कॉलरच्या आतली खूण

सुज्ञ वाचकहो, प्रभू आपल्या माणसांना तारणाच्या दिवसापर्यंत कसा राखतो, हे मी अल्पबुद्धीनुसार येथे निवेदन करीत आहे. विस्मरणाचा आजार जडलेली माझी पत्नी आमच्या लाँड्रीत सकाळची प्रार्थना करताना अडखळली व रडू लागली. "अहो, प्रार्थनाच विसरले मी! उद्या येशूलाही विसरले, तर तो मला सोडून देईल का हो?" मी एक मळका शर्ट उचलला, कॉलर उलटी केली व पक्क्या शाईची खूण दाखविली. "शर्टाला मालक आठवतो का गं? तरी खुणेमुळे बरोबर घरी पोहोचतो. तुझ्यावरही येशूची खूण आहे." अश्रू पुशीत ती उद्गारली, "तो तुमच्यासारखा वेंधळा नसला म्हणजे मिळवली! डॉक्टरांची पँट मास्तरांना दिली होतीत!" आम्ही पोटभर हसलो. घटकाभराने तिने तोच प्रश्न विचारला. मी तीच कॉलर पुन्हा उलटी केली.

हे आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभारी आहे.
आपला नम्र,
लाँड्रीवाले काका