वास नसलेली दारू

चौथ्या मजल्याच्या परांचीवर प्लास्टर मारताना गवंड्याभोवती अख्खी इमारत गरगर फिरली. ओळंबा सरळ लोंबत होता, पण त्याच्या डोळ्यांना तोही वाकडा दिसला. हातातली थापी सुटली, खाली मुकादमाच्या पायाशी आदळली. शिडीला मिठी मारत तो कसाबसा उतरला. "सकाळीच ढोसलीस होय रे?" मुकादमाने त्याचं तोंड हुंगलं. "वास तर नाही. मग दुखणंबिखणं आहे का? आजारी माणसाला मी पुन्हा कामावर घेत नसतो बाबा." गवंड्याच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र बिघडलंय, उंचावर चढू नका. घरी खाणारी पाच तोंडं. जन्मात थेंबाला न शिवलेला गवंडी मान खाली घालून म्हणाला, "प्यायलोय, मुकादम. वर वेलची चावली." "मग तसं बोल की लेका," मुकादम हसला. "झोप काढ, उद्या चढ वर."