खोक्यातला कॉम्प्युटर

हेरंबने आठवणीतल्या वस्तू घडवणाऱ्या यंत्राची तारांची टोपी डोक्यावरून काढली. लहानपणी हवाहवासा वाटलेला कॉम्प्युटर त्याच्या आठवणीतून हुबेहूब घडून टेबलावर उभा होता. पडद्याच्या कोपऱ्यात दसऱ्याचं कुंकूसुद्धा होतं.

“पण खरा कॉम्प्युटर तुमच्याकडे कधी नव्हताच ना?” त्याची बायको वृंदा म्हणाली.

“नव्हताच. टीव्हीचं रिकामं खोकं होतं. मी बाहेरून रंगवलेली बटणं दाबायचो. बकुळ आत बसून चिठ्ठीवर उत्तर लिहायची.”

बकुळ त्याची धाकटी बहीण. त्या दसऱ्यानंतरच्या दिवाळीत ती तापाने गेली.

त्याने सवयीने बटणं दाबून सात गुणिले नऊ विचारलं. पडदा बराच वेळ काळाच राहिला. मग वेडीवाकडी अक्षरं उमटली.

“थांब, पेन्सिलीला टोक करते.”

हेरंब पडद्याजवळ वाकला. खाली दुसरी ओळ आली.

“दादा, आत खूप अंधार आहे. खेळ संपला असेल तर बाहेर येऊ?”