भिंतीतले ठोके

धरणाच्या पोटातल्या अरुंद बोगद्यात अभियंतासाहेब हातोडीने भिंत ठोकून पाहत होते. मागे नोंदवही धरून पाणबुड्याची बायको उभी होती. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा दरवाजा तपासायला पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. ‘पळून गेला’ असा अहवाल साहेबांनीच दिला, आणि तिचं तोंड बंद करायला ही नोकरी.

साहेबांनी दोनदा ठोकलं. आतून दोन ठोके परत आले.

“प्रतिध्वनी आहे. लिहा, भिंत ठणठणीत.”

“साहेब, तुमचा हात थांबलाय.”

ठोके थांबले नव्हते. ते भिंतीतून सरकत साहेबांच्या खांद्यापाशी आले.

“चला बाहेर!”

“तुम्ही जा. माणूस आत सोडून जायची तुम्हाला सवयच आहे.”

तिने ओल्या, थंडगार भिंतीवर तळहात टेकवला. तेवढीच जागा ऊबदार होती.