पाठमोरं ऑफिस

“आधी हे टेबल फिरवू दे, मग बोलू,” म्हणत भावकूअण्णांनी सागवानी टेबलाला हिसका दिला. टेबल जागचं हललं नाही. अण्णा हात झटकत उभे राहिले.

“बघितलंस, मालू? गिऱ्हाईक दारातनं येणार आणि मालक खिडकीकडं तोंड करून बसणार! असलं ऑफिस उभ्या बेळगावात न्हाई. अख्खं अनगोळ ‘पाठमोरं ऑफिस’ म्हणतंय. पत्ता सांगताना आता मला बी तसंच सांगावं लागतंय.”

मालू दाराशी उभी होती. आप्पांचं दिवसकार्य होऊन आठवडाही झाला नव्हता. गाळे आणि वखारी भाड्याने लावून द्यायचा हा धंदा आप्पांचा आणि त्यांचे मेहुणे असलेल्या अण्णांचा, निम्मा-निम्मा. मालू आप्पांची एकुलती एक लेक. अण्णांना अनगोळचं हे ऑफिस बंद करून परत गणपत गल्लीत जायचं होतं आणि त्यासाठी तिचा होकार हवा होता. तो द्यायचा हे ठरवूनच ती सासरच्या घरून दोन गल्ल्या ओलांडून आली होती. या ऑफिसात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. सासरच्या बायका असल्या ठिकाणी जात नसत, आणि आप्पांनीही कधी बोलावलं नव्हतं.

अण्णांनी समोरच्या हॉटेलातून चहा-भजी मागवली होती. तिने चहा घेतला, भज्यांना मानेनेच नको म्हटलं. आज सोमवार. मूल व्हावं म्हणून सासूबाईंनी धरायला लावलेले सोमवार ती गेली सहा वर्षं करत होती.

“गणपत गल्लीत कसं झकास चाललं होतं,” भज्याचा घास तोंडात असतानाच अण्णा सुरू झाले. “एक दिवस तुझा आप्पा एकाएकी म्हणाला, अनगोळला जाऊ. म्हटलं, का रं जोतिबा? तर म्हणतो, वारं बरं येतं. वारं! आपण काय पतंग इकतोय? हितं फोन मिळायलाच वरीस गेलं. आणि निपाणीचे सत्याप्पाशेठ तंबाखूच्या वखारीसाठी आलते, त्यांचं काय झालं म्हाईत हाय?”

तिला माहीत नव्हतं.

“उन्हातनं पायपीट करून आलेला माणूस. मी म्हटलं, ‘जोतिबा, शेठ उपाशी हाईत, डबा सोड.’ तुझ्या आत्यानं तिघांना पुरंल एवढं दिलेलं. तर ह्यो म्हणतो, ‘जरा दम धर.’ एक वाजला, दोन वाजले. ह्याची नजर आपली खिडकीभाईर. तीन वाजून गेल्यावर झटक्यात डबा उघडला आणि म्हणाला, ‘चला, बसू या.’ आता कुणाबरोबर बसतोस? शेठ कवाच उठून गेलते!”

“रोज असंच करायचे?”

“रोज! कधी एकला, कधी तीनला. आणि जेवायचं बी खिडकीकडं बघत, सावकाश, कुणाशी एक शब्द न बोलता. मी म्हणजे जणू हितं न्हाईच.”

मालूच्या कपाळावर आठी चढली. म्हणजे इथेही ते तसेच. ऑफिस अनगोळला आलं तेव्हा तिला वाटलं होतं, आता आप्पा दुपारी जेवायला येतील. ते यायचे ते सणासुदीला. सोप्यात उभ्या-उभ्या पेरूची पिशवी सासूबाईंच्या हाती द्यायचे आणि पाण्याचा तांब्याही न शिवता निघायचे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत. पंचमीला ती न राहवून म्हणाली होती, “दोन गल्ल्यांवर येऊन बसलात, आप्पा, आणि माझ्या हातची भाकरी तेवढी चालत नाही?” ते म्हणाले होते, “मला चालंल की गं. पण माझ्या माघारी तुला बोलणी खावी लागतील.” ती तोंड फिरवून आत गेली होती. त्यानंतर ती त्यांच्याशी धड बोललीच नाही.

“बंद करा, अण्णा,” ती म्हणाली. “माझी काही हरकत नाही.”

“आता कसं!” अण्णांनी अंगातला सगळा जोर टेबलाला लावला. “लाव गं तिकडनं हात, आधी ह्येच भाईर काढू.”

ती टेबलाच्या पलीकडे गेली. खुर्ची आड येत होती. ती सरकवायला वाकली आणि खिडकीच्या गजांतून तिला बाहेरचं दिसलं. एरंड माजलेली रिकामी जागा. पलीकडे कुंपण. कुंपणामागे कुणाच्या तरी घराचं परसू. तिथल्या दोरीवर एक हिरवं लुगडं वाळत होतं.

ते सासूबाईंचं होतं. सकाळी तिनेच पिळून टाकलेलं. दोरीखाली मागचं दार होतं आणि दाराखाली पायरी.

त्या पायरीवर ती रोज जेवायची. घरातल्या सगळ्यांची जेवणं झाली, चूल सारवून झाली, की ताट मांडीवर घेऊन एकटीच. कधी एकला, कधी तीनला. समोर एक करडी भिंत आणि तिच्यातली एक अंधारी खिडकी दिसायची. कुणाची तरी वखार असेल, असं तिला वाटायचं.

ती खुर्चीत बसली.

“बसलीस काय? ढकल की!”

“टेबल राहू दे, अण्णा.”

“राहू दे? आत्ता तर म्हणालीस...”

“अण्णा, आप्पा सोमवारी डबा आणायचे?”

“सोमवारचं तर नावच काढू नगोस!” अण्णा उसळले. “दिवसभर कोरडा. इचारलं तर म्हणायचा, आज आपला उपास. जल्मात कुठल्या देवाला हात जोडला न्हाई त्यानं, मालू. ह्यो उपास कसला गं?”