लेखी पाहिजे

“डोळ्याले काई झालं नाई हिच्या, मॅडम. दुकानात गिऱ्हाइकाले डोळा मारते. तेवढं लिहून द्या. सोमवारी आर्वीले हिच्या बापाघरी बैठक हाय, तिथं कागद दाखवतो.”

तळेगावचा किराणा दुकानदार प्रफुल बायकोचंही आपणच बोलून मोकळा झाला. दिपाली मान खाली घालून बसली होती.

डॉक्टर जागृतीच्या कपाळावरची शीर तडतडली, पण तिनं आधी तपासलं. दिपालीची डावी पापणी अर्धी उतरली होती. खोलीतला दिवा मालवला, तशी उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली. डावी मात्र होती तेवढीच, बारीक राहिली.

“पापणी मुद्दाम मिटता येते, बाहुली नाही,” ती प्रफुलला म्हणाली. “हिची नस दुखावली आहे. मानेतून डोळ्याकडे जाते ती. कधीपासून आहे हे?”

“तान्ह्या पोळ्यापासून. तवापासूनच हिचे चाळे चालू हायेत.”

जागृतीनं दिपालीच्या गळ्याभोवती घट्ट लपेटलेला पदर बाजूला केला. बोटांचे वळ पिवळे पडत आले होते.

“त्या दिवशी काय झालं, ताई?”

“लाकडी नंदी घेऊन लेकरं आली होती. एकाच्या बापासंग मी हसून बोलली, म्हणून यायनं गळा दाबला. डोळा तं दुसऱ्या दिवशी उतरला.”

प्रफुल ताडकन उठला.

“बसा,” जागृतीनं कागद पुढे ओढला. “लेखी पाहिजे होतं ना? देते. सोमवारी बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा.”