उशाशी असलेली रेघ

पडद्यावरची रेघ पुन्हा धापा टाकायला लागली आणि व्यासपीठावर तिचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

सभागृह गच्च भरलं होतं. नियंत्रण सिद्धांताच्या परिषदेला आलेली ही मंडळी. कुणी विमानाचा तोल सांभाळणारे, कुणी वीजकेंद्राचा, कुणी यंत्रमानवाचा. त्या मानानं तिचा विषय एवढासा. घरी झोपलेलं बाळ, बाळाच्या पोटावर एक मऊ पट्टी, पट्टीत चिमुकलं यंत्र. पोट वर गेलं की रेघ वर, खाली आलं की खाली. पट्टी कुठेही असो, रेघ इथे दिसणार. बाकीच्यांनी आपापले आलेख आधीच तयार करून आणले होते. हिनं मात्र थेट घरची रेघ पडद्यावर लावली होती. लोकांना वाटलं, प्रात्यक्षिक आहे. खरं म्हणजे बाळाला सोडून ती पहिल्यांदाच इतक्या लांब आली होती, आणि रेघ नजरेआड करायची तिची छाती नव्हती.

सुरुवातीला ही रेघ सारखी तुटायची. बाळानं कूस बदलली, पट्टी सरकली, की पडदा कोरा. मग ती उठून धावायची, बाळाच्या नाकाशी बोट धरायची. बाळ दचकून भोकाड पसरायचं आणि अख्खं घर जागं व्हायचं. शेवटी तिनं रेघेमागे एक गणित बसवलं. पोटाची हालचाल कळेनाशी झाली, की आधीच्या श्वासांवरून गणितच पुढचे श्वास अंदाजानं रेघेवर काढायचं. रेघ तुटायची बंद झाली. दिवसा ती जराशी अडखळत, उड्या मारत चालायची. रात्री मात्र तळ्यातल्या लाटेसारखी, एकसारखी, संथ. गाढ झोप लागली की असंच होत असणार. ती रेघ उशाशी ठेवून तीही निवांत झोपायला लागली. "पाळणा बाळाला आणला की तुला?" असं नवरा चिडवायचा.

"तुमचं बाळ फारच घाईत दिसतंय हो," पहिल्या रांगेतले म्हातारे अध्यक्ष म्हणाले.

हशा पिकला. रेघेनं केवढी तरी उसळी घेतली. ती गर्रकन पडद्याकडे वळली. रेघ आणखी उसळली. घरी काहीतरी झालंय. नक्कीच झालंय. आपण इथे शहाण्यासारख्या उभ्या आहोत आणि तिकडे...

"माफ करा," असं म्हणून तिनं सगळ्यांसमोरच घरी फोन लावला. कॉलरचा माइक बंद करायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. सासूबाईंचा खणखणीत आवाज सभागृहभर पसरला.

"अगं, संपलं का भाषण?"

"आई, बाळ कसं आहे? जवळ जाऊन बघा ना जरा."

"जवळच बसलेय मी. झोपलंय मस्त. पोट बघ, कसं सावकाश वरखाली होतंय."

"पट्टी नीट आहे ना पोटावर?"

"पट्टी कुठंय? सकाळी तू त्याला पाजून गेलीस, तेव्हापासून शोधतेय मी. म्हटलं, धुवायला टाकली असशील."

तिनं कोटाच्या आत हात घातला. पट्टी तिथे होती. पाजताना पट्टीचं वेल्क्रो तिच्या लोकरी स्वेटरला चिकटलं होतं, आणि घाईघाईत वरून कोटाची बटणं लावून ती तशीच निघून आली होती. मघापासून पडद्यावर धापा टाकत होती, ती बाळाची आई.

सभागृह खो खो हसत सुटलं. अध्यक्षांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. "म्हणजे रेघ बघून तुम्ही घाबरताय, आणि तुम्ही घाबरताय म्हणून रेघ! पोरांना फीडबॅक शिकवायला यापेक्षा झकास उदाहरण मिळायचं नाही."

तीही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. बाळ ठीक होतं. पडद्यावरची रेघ उड्या मारत हळूहळू खाली बसत होती, अगदी तिच्या डोळ्यांदेखत.

"आता खरा प्रश्न," अध्यक्षांनी चष्मा पुन्हा नाकावर ठेवला. "पोट हललंच नाही, तर तुमचं गणित काय समजतं?"

"पट्टी सरकली, असं धरतं."

"आणि दुसरं काही?"

ते दुसरं लिहायला तिचा हात कधी धजलाच नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "दुसरं काही नाही."

"मग होऊनच जाऊ दे प्रात्यक्षिक. पट्टी तशीच धरा पोटाशी. आणि रोखा बघू श्वास."

तिनं ओठ मिटले. श्वास रोखला. सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. रेघ पळभर चाचपडली, उंबऱ्याशी पाऊल अडखळावं तशी. मग चालू लागली. एक उडी नाही, एक अडखळ नाही. वर, खाली. वर, खाली.

"वा!" अध्यक्ष म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. पडद्यावर तळ्यातल्या लाटेसारखी, एकसारखी, संथ रेघ सरकत होती. ती रेघ तिच्या चांगलीच ओळखीची होती. रोज रात्री उशाशी असायची, ती हीच.