खोडावरचे घाव

रडायलासुद्धा काळीज लागतं, आणि तेच नेमकं आपल्या नवऱ्याला मिळालेलं नाही, हे मोठीबाईचं फार जुनं गाऱ्हाणं. ते ती कोणालाही ऐकवायची. दूधवाल्याला, शेजारणीला, आणि मुद्दाम त्याच्या देखत.

"थोरला पोरगा गेला तेव्हा अख्खं घर ऊर बडवत होतं. हा बाबा दुसऱ्या दिवशी रंधा मारायला बसला. माणूस नाही, ओंडका आहे ओंडका!"

मिस्त्री ऐकून घ्यायचा. दारं, खिडक्या, टेबलं, पाळणे करण्यात त्याचा जन्म गेला होता. आता हात थरथरत, तरी हत्यारांना तेल लावायचं चुकत नसे.

मोठीबाईला सगळ्यात जास्त खुपायचा तो थोरल्याचा वाढदिवस. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. आणि मिस्त्री सकाळीच खिशात पटाशी घालून घराबाहेर. "आजच्या दिवशीसुद्धा काम सुचतं याला," ती म्हणे. संध्याकाळी तो यायचा, हात धुवायचा आणि मुकाट्याने जेवायचा. अलीकडे तर कामही उरलं नव्हतं. तरी जायचाच.

थोरल्याच्या मागून झालेली लेक नगरपालिकेच्या उद्यान खात्यात होती. शहरातली जुनी झाडं हुडकायची, त्यांचा घेर मोजायचा, वय ठरवायचं, नावाची पाटी लावायची, हे तिचं काम. "एवढी शिकली आणि भर रस्त्यात झाडांना मिठ्या मारत फिरते," असं मोठीबाई म्हणे. शेजारीण तेच म्हणाली, तर मात्र तिची धडगत नसे.

एके दिवशी लेक तणतणतच घरात आली.

"आई, तुमच्या जुन्या गल्लीतलं जांभूळ आता वारसा वृक्ष होणार. कोणाच्या बापाला तोडता येणार नाही. पण कोणीतरी त्याच्या खोडावर घाव घातलेत गं. जुने आहेत, भरून आलेत. पण हत्यार धारदार होतं."

शेंगा सोलता सोलता मोठीबाईचे हात थांबले.

त्या जांभळाखालीच मिस्त्रीचं दुकान होतं. थोरल्याच्या दर वाढदिवसाला तो पोराला खोडाला पाठ लावून उभा करायचा आणि डोक्याला टेकून पटाशीने खाच पाडायचा. पोरगं लबाड, हळूच टाचा उचलायचं. जिभेपासून सदऱ्यापर्यंत सगळं जांभळं. "माझ्या भावांवर जाणार हा," मोठीबाई म्हणायची. "दारातून वाकून यावं लागेल त्याला. तुमच्या घरातल्यांसारखा ठेंगू नाही राहायचा."

"बघू," मिस्त्री म्हणायचा.

मग एका तापात सगळं संपलं. तिने हट्टाने घर बदललं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाही.

"माझ्या बाळाच्या खाचांना तर धक्का नाही ना लावला मेल्याने?" तिने विचारलं.

"कुठे होत्या त्या?"

"आता कुठल्या दिसायला! झाड वाढलं, त्याही वर गेल्या असतील. पार फांद्यांत."

इतकी वर्षं तिने मनाशी हेच धरून ठेवलं होतं. आपण पाहत नसलो तरी तो तिथे उंच होतोय.

"चल, ने मला. हात मोडायला हवेत त्याचे."

"कशाला?" मिस्त्री कोपऱ्यातून म्हणाला. "ऊन किती आहे."

"तुम्ही बसा घरात. तुम्हाला ना पोराचं काही, ना झाडाचं."

पण तो आला. मागे मागे, काठी टेकत.

दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला होता. जांभूळ मात्र तिथेच होतं, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं. मोठीबाई मान वर करून फांद्यांत शोधू लागली.

लेकीने तिचा दंड धरला. "वर नाही, आई. झाड वाढतं ते शेंड्याला. खोड नुसतं जाड होतं. खूण जिथे केली तिथेच राहते."

तिने आईला खोडाच्या मागे नेलं, भिंतीच्या बाजूला. तिथे खाली ओळीने खाचा होत्या, सालीने ओठ मिटून घ्यावेत तशा. त्यांतली एक तिरकी. तीच थोरल्याची शेवटची. आईने हाक मारली म्हणून पोरगं ऐन वेळी वळलं होतं.

ती मोठीबाईच्या जेमतेम कमरेला येत होती.

"एवढासाच," ती म्हणाली. डोक्यावर ठेवावा तसा तिने तिथे हात ठेवला.

"आणि हे बघ त्या मेल्याचे प्रताप," लेक म्हणाली.

तिरक्या खाचेच्या वर आणखी एक होती. तिच्या वर आणखी एक. सगळ्या सरळ, साफ. थोडं थोडं अंतर सोडून वर चढत गेलेल्या. छातीपाशी एकदम मोठी झेप, मग पुन्हा एक. पुढे अंतर कमी कमी होत गेलेलं. शेवटच्या दोन जवळजवळ चिकटलेल्या. त्यांच्यावर नुसती साल.

"कोण वेडा असेल गं? तक्रार करू का?"

मोठीबाईचं बोट एकेका खाचेवरून वर सरकत गेलं. मोठ्या झेपेपाशी जरा थांबलं. शेवटची खाच डोक्याच्याही वर राहिली, तेव्हा तिने टाचा उचलल्या.

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तिने तळहाताने तोंड पुसलं.

"अहो," ती म्हणाली, "सगळ्यात वरची चुकली तुमची. माझ्या भावांवर गेला होता तो. अजून चार बोटं उंच झाला असता."